छत्तीस लाद्यांची भिंत

३ फेब्रुवारी, सोमवार

आज आमच्या लाद्यांच्या कारखान्याच्या वतीने पहिल्यांदा ‘हो’ म्हणून आले.

महिन्यापूर्वी बाबा म्हणाले होते, की यापुढे गिऱ्हाइकांशी तू बोलायचं, हो-नाही तू ठरवायचं. “माझा आवाज चढतो आणि त्याला आवाजच नाही.” ‘त्याला’ म्हणजे काकांना. काका तेव्हा हाताच्या अंतरावर बसून साचा घासत होते. त्यांनी मला सांगितलं, “तुझ्या वडिलांना सांग, पहिली ऑर्डर नीट पार पडली तर बोलू.” म्हणजे माझी परीक्षाच.

ग्रंथालयाच्या नव्या वाचनकक्षात एका भिंतीवर लाद्या हव्यात. ग्रंथपाल बाईंनी दातांच्या डॉक्टरांकडची आमची भिंत पाहिली होती. पाच रंग, पाच नक्ष्या, पंचवीस लाद्या. एक लादी दुसरीसारखी नाही, आणि कुठल्याही आडव्या-उभ्या ओळीत ना एखादा रंग दोनदा येत, ना एखादी नक्षी. ती मांडणी मीच केली होती, एका दुपारी. बाई म्हणाल्या, “दाढ काढायच्या आधी मी ती भिंत बघत बसले होते. कुठे चुकतेय का ते शोधत. भीती विसरले. मला तस्संच हवंय. पाच बाय पाच.”

आणि मी म्हटलं, “सहा का नको?”

का म्हटलं? त्यांना पाच चालत होतं. मलाही पाच येत होतं. पण छत्तीस हा माझा लहानपणापासूनचा लाडका आकडा. बाई हसून म्हणाल्या, “छत्तीस? अहो, माणसांचं पटत नसलं की आपण छत्तीसचा आकडा म्हणतो. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात. तो ग्रंथालयात कशाला?” झालं. मला कुणी छत्तीसला नावं ठेवली की राहवत नाही. मी त्यांच्याच टेबलावरचे खडू घेतले आणि मांडून दाखवलं. सहाच्या सहा ओळी केल्या की चौकोन होतो. तेच खडू एक, दोन, तीन, चार असे आठपर्यंत ओळीत लावले की त्रिकोण होतो, एकही खडू उरत नाही, एकही कमी पडत नाही. एक सोडला तर असा चौकोनही आणि त्रिकोणही होणारा हा पहिला आकडा. पुढचा थेट बाराशे पंचवीस. शिवाय एकाचा घन, दोनाचा घन आणि तिनाचा घन यांची बेरीज करा, पुन्हा छत्तीसच. बाई खडूंकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं बाई, सहा. पण नियम तोच. जमेल ना?”

“जमेल,” मी म्हटलं. कारण चार जमलं होतं, पाच जमलं होतं.

गवंडी उद्यापासून भिंतीत सहा बाय सहा लाद्यांच्या मापाची खोलगट चौकट ठेवणार आहेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सहा नक्ष्या ठरल्या: पान, मासा, पक्षी, चाक, लाट, चांदणी. सहा रंग: निळा, पिवळा, हिरवा, विटकरी, पांढरा, काळा. साचे आणि माती काकांची, रंग आणि झिलई बाबांची. कारखाना एकच, खोली एकच, पण दोघांची टेबलं दोन भिंतींना लागून आणि तोंडं भिंतींकडे.

आजचे निरोप:

“तुझ्या काकांना सांग, माशाचे खवले खोल हवेत, रंग साचायला.”

“तुझ्या वडिलांना सांग, माशाला खवले किती खोल असतात ते माशाला विचारावं.”

“तुझ्या काकांना सांग, नको असेल तर राहू दे.”

“तुझ्या वडिलांना सांग, मी कुठे नको म्हटलं?”

हे सगळं सगळ्यांना ऐकू येत असतं. तरी मी खोलीच्या मधोमध उभी राहून सांगते. वाक्य बदलत नाही, चढलेला आवाज तेवढा उतरवते. त्यातही मला अपराधी वाटतं. निरोप म्हटला की तो आहे तसा पोचायला हवा. मी शाळेत जायच्या आधी भट्टीतली एक मोठी खेप तडकली होती. बाबा म्हणाले माती वाईट, काका म्हणाले झिलई वाईट. तेव्हापासून हे. शाळा मला उशिरा मिळाली, त्याआधी घरातच शिकले. आईने अक्षरं शिकवली, काकांनी आकार, बाबांनी मोजणी. “काकांना विचारून ये किती झाल्या” असं बाबा म्हणायचे, मी लाद्या मोजत जायची, मोजत यायची. माझी बेरीज अशी पक्की झाली.

काका वरच्या मजल्यावर राहतात, पण काकू गेल्यापासून खालीच आमच्यात जेवतात. तिथे निरोप आई पोचवते. तिचे फार छोटे असतात. “मीठ,” असं म्हणते आणि सरकवते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भट्टी उघडली. छत्तीसच्या छत्तीस लाद्या धड निघाल्या, एकीलाही तडा नाही. हिरवा पक्षी तर असा उतरलाय की त्याला नुसतं बघत बसावं. सहा रंगांच्या सहा नक्ष्या, प्रत्येक जोडी एकदाच.

जेवणाच्या आधी मांडून टाकते म्हणून बसले. पाचाची युक्ती सोपी होती: प्रत्येक पुढच्या ओळीत रंग एक घर सरकवायचा आणि नक्षी दोन घरं. सहाला तीच लावली. चौथ्या ओळीत पहिल्याच ओळीतल्या नक्ष्या जशाच्या तशा परत आल्या, पानाखाली पान, माशाखाली मासा. असेल, थोडं फिरवावं लागेल.

आईने तीनदा हाक मारली. वरण गार झालं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नाही जमलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही नाही. नुसते रंग मांडले तर बसतात, कितीही प्रकारे. नुसत्या नक्ष्या मांडल्या तर त्याही बसतात. दोन्ही एकदम म्हटलं की कुठेतरी अडतंच. माझंच काहीतरी चुकतंय. पाच जमलं ते नशिबानेच, असं आता वाटायला लागलंय. ग्रंथालयाचं उद्घाटन पंधरा मार्चला आहे, आणि चौकट भिंतीत तयार आहे. आज मुद्दाम त्या रस्त्याने गेले आणि खिडकीतून बघून आले. चौकोनी भोक माझ्याकडेच बघत होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लाद्या कारखान्याच्या मधोमध जमिनीवर मांडून ठेवल्या होत्या. मी माती चाळायला गेले आणि परत येऊन बघते तर तिसरी ओळ कुणीतरी हलवलेली. बाबा झिलई ढवळत होते, अगदी निष्पापपणे.

“बाबा, तुम्ही हात लावलात?”

“दोन विटकऱ्या एका खाली एक होत्या. डोळ्याला खुपत होत्या. मी नीट केल्या.”

“पण त्यामुळे आता दोन चाकं एका ओळीत आली.”

“ते मी बघत नाही. चाकं माझी नाहीत.”

मी पुन्हा लावलं आणि गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला आत गेले. परत आले तर चाकं वेगळी झालेली आणि विटकऱ्या पुन्हा एका खाली एक. काका साचा घासत होते. त्यांचा साचा कोरडा होता, घासण्यासारखं त्यात काही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत असंच चाललं. एक रंग नीट करून जायचे, दुसरे नक्ष्या नीट करून जायचे. एकमेकांकडे बघायचे नाहीत. मी कागदावर टिपत गेले, कारण मला प्रत्येक मांडणी तपासायची होती. माझा दिवस वाया गेला. दोघांनाही सांगायला हवं होतं की हात लावू नका, पण वडीलधाऱ्यांना कसं सांगणार?

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस फारच वाईट. सकाळी बाबा जमिनीवर उकिडवे बसले आणि पिवळा मासा उचलून वरच्या ओळीत ठेवला. मी काकांना निरोप द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका टेबलावरून म्हणाले, “तो मासा तिथे नको.”

मला वाटलं मला म्हणाले. मी उचलायला वाकले, तर बाबा म्हणाले, “मग कुठे हवा ते सांग. नुसतं ‘नको’ कुणालाही म्हणता येतं.”

“शेवटच्या ओळीत पक्ष्याच्या जागी.”

“तिथे आधीच एक पिवळी आहे!”

“मग ती हलव!”

“हलवली तर हिरव्याचं काय? डोक्यावर घेऊ हिरवी?”

“दादा, तू पहिल्यापासून रंगाच्या पुढे बघतच नाहीस!”

“आणि तू नक्षीच्या खाली बघत नाहीस!”

हे दुपारपर्यंत. काका टेबल सोडून खाली येऊन बसले, गुडघा दुखतो तरी. दोघं चौकोनाच्या दोन बाजूंना, मी तिसऱ्या. मला एकही वाक्य नीट टिपता आलं नाही. आवाज इतका चढला की आई स्वयंपाकघरातून दारात आली. मला वाटलं ती मिटवेल. ती पदराला हात पुसत नुसती उभी राहिली. डोळे भरले होते तिचे, कांदा चिरत असावी. मी म्हटलं, “आई, बघ ना गं, काम करू देत नाहीत.” तर म्हणाली, “चहा टाकते,” आणि गेली. तिघांचा म्हणून टाकला, पण सहा जणांना पुरेल इतका निघाला. आईचंही लक्ष ठिकाणावर नाही.

मी आता कुणाला सांगणार, की माझ्या एका ‘जमेल’पायी घरात भांडणं सुरू झालीत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

अगदी थोडक्यात गेलं!

सकाळपासून आम्ही तिघं बसलो होतो. बाबा म्हणत होते रंग एकही दोनदा येऊ देणार नाही, काका म्हणत होते नक्षी एकही दोनदा येऊ देणार नाही, आणि मी दोघांच्या मध्ये कागद घेऊन. दुपारी चौतीस लाद्या बसल्या. सगळ्या नियमात. दोन जागा रिकाम्या, दोन लाद्या माझ्या हातात.

हातात होतं निळं पान आणि पिवळा मासा. एका जागेला हवा होता निळा मासा, दुसरीला पिवळं पान. ते दोन्ही आधीच बसलेले.

मी हातातल्या दोन लाद्यांकडे बघत रडायलाच लागले. बाबा म्हणाले, “निळं पान ठेव तिथे, पानाला कोण बघतं?” काका म्हणाले, “पान दोनदा येईल ओळीत! तुझा रंग दोनदा येऊ दे की.” “माझा रंग का?” “मग माझं पान का?” असं बराच वेळ चाललं. मग काका मला म्हणाले, “रडू नको गं. असे छप्पन पाहिलेत मी, छत्तीसचं काय घेऊन बसलीस.” बाबा हसले. यात हसण्यासारखं काय होतं?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

प्रोफेसरला फोन केला. प्रोफेसर म्हणजे माझा चुलतभाऊ, काकांचा मुलगा. तो दूर गणित शिकवतो, पण हे नाव त्याला चौथीतच पडलं होतं. मी सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, माझी चूक कुठे असू शकते त्याच्या चार शक्यतांसह.

पलीकडून आवाजच येईना. मग कळलं, तो हसतोय. हसताना त्याला आवाज फुटत नाही, काकांसारखंच.

“अगं, तू कोणता आकडा निवडलास?”

“सहा.”

“कुणी सांगितला?”

“मीच.”

“कमाल आहे तुझी! तीन घेतला असतास तर जमलं असतं. चार, पाच, सात, आठ, नऊ, हजार, काहीही. मोजायच्या सगळ्या आकड्यांत हे फक्त दोघांना जमत नाही. दोनाला आणि सहाला. दोन तर कुणी घेत नाही. आणि तू, बाई तू, लोक पाच मागत असताना त्यांच्या गळ्यात सहा घातलास!”

मला आधी समजलंच नाही. मग त्याने सावकाश सांगितलं. अडीचशे वर्षांपूर्वी एका फार मोठ्या गणितज्ञासमोर हेच कोडं होतं, लाद्यांऐवजी सैन्याचे अधिकारी. सहा पलटणी, सहा हुद्दे, छत्तीस अधिकारी. प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक उभा करायचा. त्याला जमेना. तो म्हणाला, हे होत नसावं, पण सिद्ध करता आलं नाही. मग शंभराहून जास्त वर्षांनी एका हौशी माणसाने सगळ्या शक्यता हाताने तपासल्या आणि दाखवलं की खरंच होत नाही. ज्याचे रंग सरळ बसतात, ज्याच्या नक्ष्या सरळ बसतात, त्या छत्तीसची दोन्हींची मिळून मांडणी नाहीच.

“त्या मोठ्या माणसाला वाटलं होतं दहालाही जमणार नाही,” प्रोफेसर म्हणाला. “तिथे तो चुकला. तेव्हा तू फार मनाला लावून घेऊ नको.”

“पण आमच्या चौतीस बसल्या होत्या. दोनच राहिल्या.”

“चौतीस? सगळ्या नियमात? पुन्हा सांग.” मी कागदावरून ओळीने वाचून दाखवलं. त्याने लिहून घेतलं, तपासलं. “अगं, याच्या पुढे कुणी जाऊ शकत नाही. जास्तीत जास्त चौतीसच वेगळ्या येतात. उरलेल्या दोन जागी कुठल्यातरी दोन लाद्या पुन्हा वापराव्याच लागतात. हे तू केलंस?”

“मी नाही. आम्ही तिघांनी. म्हणजे बाबा आणि काका भांडत होते, मी टिपत होते.”

“बाबा आणि काका काय करत होते?” त्याने विचारलं.

“भांडत होते. सकाळपासून.”

“एकमेकांशी?”

“मग काय भिंतीशी?”

तो म्हणाला, “बाबांना फोन दे.” मी काकांना फोन दिला. ते बोलायला अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. गणितात काकांना इतका रस असेल असं वाटलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कालचा आनंद सकाळपर्यंतच टिकला. जगात कुणालाच जमत नाही हे ठीक, पण ‘जमेल’ असं जगाने म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. कुणाला न विचारता ग्रंथालयात गेले. बाबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, दोन लाद्या लावून टाक, कोण मोजतंय. आणि खरंच, कोण मोजणार होतं? पण बाईंनी डॉक्टरांकडे मोजलं होतं की.

“मी तुम्हाला चुकीचं सांगितलं,” मी दारातूनच म्हटलं.

“आत तर या.”

सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे पाच घेतलं असतं तर झालं असतं?”

“हो.”

“सात?”

“तेही.”

“मी पाचच म्हणत होते.”

“हो.”

“आणि तुम्ही मला खडू मांडून सहा घ्यायला लावलंत.”

“हो.” जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मी म्हटलं, पंचवीस लाद्या लावून भोवती साधी पट्टी करून देऊ, उद्घाटनाच्या आधी, नवीन पट्टीचा खर्च आमचा. किंवा सहाच ठेवायच्या असतील तर दोन लाद्या पुन्हा कराव्या लागतील आणि त्या दोनदा दिसतील. निर्णय त्यांचा. ऑर्डर रद्द केली तरी मी समजून घेईन.

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, “समितीला विचारावं लागेल. मंगळवारी या.”

घरी येऊन सांगितलं. बाबांचा चेहरा पडला. काका म्हणाले, “सांगायची गरज नव्हती.” बाबा म्हणाले, “नव्हतीच.” पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं तेही माझ्या विरुद्ध.

४ मार्च, मंगळवार

समितीतले तिघं आणि बाई. मला एका खुर्चीवर बसवलं. एक गृहस्थ म्हणाले, “तुमच्या कारखान्याने चुकीचा हिशोब दिला.” मी म्हटलं, “कारखान्याने नाही, मी.” दुसऱ्या म्हणाल्या, “मग कमी लाद्या लावा, विषय संपला.” तिसरे टेबलावर पेनाने खुणा केलेल्या काड्यापेटीच्या काड्या मांडत होते, चार बाय चार, आणि कपाळावर आठ्या पाडून हलवत होते.

बाई म्हणाल्या, “मला एक सांगा. शाळेतल्या मुलांनी ही भिंत बघितली आणि विचारलं, दोन लाद्या दोनदा का, तर उत्तर आहे ना?”

“आहे.”

“मुलांना कळेल असं?”

“मला कळलं, म्हणजे कळेल.”

“मग मला सहाच हवंय,” बाई म्हणाल्या. “एवढ्या पुस्तकांत एकही असं नाही जे दारात उभं राहून सांगेल, की मला हे जमलं नाही आणि का जमलं नाही. भिंत सांगेल.” अट एकच: भिंतीशेजारी पाटी लावायची आणि ती मी लिहायची.

काड्यावाले गृहस्थ एकदम म्हणाले, “झालं! चार झालं!” आणि मतदान संपलं.

पळतच घरी आले.

७ मार्च, शुक्रवार

निळा मासा आणि पिवळं पान पुन्हा केलं. दोन लाद्यांसाठी भट्टी पेटवायची म्हणजे उधळपट्टीच, पण रंग तंतोतंत जुळायला हवा होता. काकांनी मातीत वाळू किती घालायची ते बाबांना विचारलं, बाबांनी झिलई किती पातळ ते काकांना. मला विचारलंच नाही कुणी. मी दिवसभर मोकळीच होते, हाताला काही कामच नाही. तेव्हा पाटीचा मजकूर लिहिला.

भट्टी निवेपर्यंत तिच्याजवळ दोघं पाट टाकून बसले होते. भट्टीला राखण लागत नाही, ती कुठे पळून जात नाही. मी दोनदा सांगितलं, आत या, ऊन लागेल. ऐकू आलं नाही. त्या तडकलेल्या खेपेबद्दल काहीतरी बोलत होते. बाबा म्हणत होते, “झिलई जाडच झाली होती तेव्हा.” काका म्हणत होते, “नाही रे, माती ओली होती, मला माहीत होतं.” आता तेही नीट ठरेना! इतकी वर्षं एक म्हणत होते आणि आता एकदम उलट. मला कुठल्याही गोष्टीचा निकाल लागलेला बरा वाटतो.

दोन्ही लाद्या उत्तम निघाल्या.

९ मार्च, रविवार

पाटीचा माझा पहिला मसुदा दोन पानी होता. त्यात मी तीन वेळा क्षमा मागितली होती. काकांनी वाचून एक क्षमा काढली, बाबांनी दुसरी. तिसरी आईने काढली, न वाचताच. आता असा आहे:

‘या भिंतीवर सहा रंग आणि सहा नक्ष्या आहेत. कुठल्याही ओळीत एकही रंग आणि एकही नक्षी दोनदा येत नाही. पण दोन लाद्या भिंतीवर दोनदा आल्या आहेत. त्या टाळता येत नाहीत. हे सिद्ध झालेलं आहे. पाचाला टाळता येतात, साताला येतात, सहाला नाही. कोणत्या दोन, ते शोधा.’

‘हे सिद्ध झालेलं आहे’ याच्याखाली मला ‘आमच्याकडून नव्हे’ असं लिहायचं होतं. नाहीतर श्रेय घेतल्यासारखं दिसतं. बाबा म्हणाले, “कुणाला वाटणार नाही.” मी अजून विचार करतेय.

१५ मार्च, शनिवार

उद्घाटन झालं. भाषण चालू होतं आणि निम्मे लोक भिंतीकडे तोंड करून उभे. मुलं बोटांनी मोजत होती, मोठी माणसं मुलांना बाजूला सारून मोजत होती. एक आजोबा म्हणाले, “काळी चांदणी दोनदा आहे!” त्यांच्या नातीने त्यांना खांद्याला धरून सरळ केलं: “आजोबा, ती एकच आहे. तुम्ही दोनदा बघितलीत.” समितीतले काड्यावाले गृहस्थ भिंतीपासून हलेनात. ग्रंथपाल बाई माझ्या कानात म्हणाल्या, “आठवडाभर इथे कुणी पुस्तक उघडणार नाही. तुमचंच काम.” तक्रार होती की नाही ते कळलं नाही. मी माफी मागितली.

उरलेल्या दोन लाद्यांवरून घरात पुन्हा वाद. बाबांना पिवळा मासा हवा आणि काकांनाही पिवळाच मासा. शेवटी मासा कारखान्याच्या दारावर लागला आणि निळं पान आईने उचललं, गरम भांडं ठेवायला. मला धक्का बसला, पण ती लादी तिच्या हातात शोभते खरी.

२० मार्च, गुरुवार

शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. ग्रंथालयातली भिंत बघून आलेल्या. त्यांना शाळेच्या व्हरांड्यासाठी मोठी भिंत हवीय: आठ बाय आठ, आणि दोन तिरक्या रेषांतही तसंच, ना रंग दोनदा ना नक्षी.

“जमेल का?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हणणार होते, तपासून सांगते. तोंड उघडलं तेवढ्यात माझ्या मागून दोघं एकदम म्हणाले, “जमेल!”

अगदी एका सुरात. न तपासता, न कागद काढता, प्रोफेसरला न विचारता. काकांनी तर हातातला साचा वर करून म्हटलं. मुख्याध्यापिका हसल्या. मी म्हटलं, “थांबा. आम्ही पुढच्या आठवड्यात सांगू,” आणि त्यांना फाटकापर्यंत सोडलं.

परत येऊन दोघांना उभं केलं. इतकं स्पष्ट मी आजवर बोलले नव्हते. म्हटलं, बाबा, काका, आपल्याला आत्ताच एकदा कळलंय ना, न तपासता हो म्हटलं की काय होतं? यापुढे या कारखान्यात ‘जमेल’ मी म्हणणार. तेही सगळं पाहून. तुम्हाला काही सांगायचं असेल तर मला सांगा, मी गिऱ्हाइकाला सांगेन.

बाबा काकांकडे बघायला लागले, काका बाबांकडे. मग बाबा म्हणाले, “ऐकलंस? परीक्षेचं काय झालं?” काका म्हणाले, “पास आहे ती. आपण नापास.” आणि मला म्हणाले, “हो बाई. तू म्हणशील तसं.”

मग मी आत येऊन हे लिहायला बसले. तर बाहेर पुन्हा आवाज चढले. आठ रंग आणायचे कुठून, यावरून. बाबा म्हणताहेत जांभळा, काका म्हणताहेत जांभळ्यात नक्षी बुडते. मी उठले, म्हटलं जाऊन मध्ये पडते, नाहीतर वाढेल.

आईने दार ओढून घेतलं आणि मला खांद्याला धरून खाली बसवलं. “बस गं. भांडू दे त्यांना.”

आईला हल्ली काय होतंय, मला खरंच कळत नाही.